पहिल्या हाकेला ओ न देणाऱ्या फर्नांडिस बाई

फर्नांडिस बाई गेल्याची बातमी आमच्या शाळेत कोणी खरीच मानली नाही, आणि याला सर्वस्वी फर्नांडिस बाईच जबाबदार होत्या. सकाळची प्रार्थना नुकतीच आटोपली होती. स्टाफरूममध्ये सगळ्यांचे मोबाईल एकदमच वाजले. अनोळखी नंबरावरून संदेश होता : ‘फिलोमिना फर्नांडिस यांचे काल दुपारी दुःखद निधन. अंत्यविधी आज चार वाजता. चर्चचा रस्ता पाहण्यासाठी येथे दाबा.’ खाली निळ्या अक्षरांची लिंक. अनोळखी नंबर, घाईची वेळ, काळजाला हात घालणारा मजकूर आणि खाली दाबायला काहीतरी… बाईंनी आमच्याकडून घोकून घेतलेली चारही लक्षणं एकाच संदेशात हजर होती. एकानेही लिंक दाबली नाही. सगळ्यांनी मोबाईल उलटे ठेवले, खिशातल्या डायऱ्या काढल्या आणि देवबागच्या त्यांच्या घरचा नंबर शोधायला सुरुवात केली. संदेशातल्या नंबरावर फोन करायचा नाही, आपल्या हाताने आपल्या डायरीत लिहिलेल्या नंबरावर करायचा, हाही त्यांचाच नियम.

फोन उचलत होते बाईंचे धाकटे भाऊ पेद्रू, जन्मभर बोटीवर स्वयंपाकी म्हणून राहिलेले आणि स्वभावाने फोडणीसारखे. माझा फोन नववा होता. “मेली रे ती,” पेद्रू म्हणाले, “नवव्यांदा सांगतंय. तुमच्या शाळेत एकाक तरी माणसाच्या शब्दावर विश्वास आसा काय?” माझ्या हातातून आमच्या शिपायाने, बाबलने, फोन घेतला आणि अगदी आदराने विचारलं, “पण तुमी पेद्रूच कशावरसून?” फोन आपटल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. दोन मिनिटांनी पेद्रूंचाच उलटा फोन आला. आवाज बदललेला होता. “तिनाच शिकवल्यान मां तुमका ह्यां?” ते म्हणाले आणि या वेळी फोन हळूच ठेवला. तेव्हा कुठे बाबल बाकावर बसला. मग आम्हीही बसलो. संदेश खरा होता, चर्चमधल्या तरुण मंडळींनी पाठवलेला. लिंक शेवटपर्यंत कोणी दाबली नाही. बाईंच्या घरचा रस्ता आम्हाला ठाऊकच होता.

आता महिना होऊन गेला. त्यांच्याविषयी लिहावं असं पुष्कळांनी सुचवलं. लिहायला मी सर्वांत नालायक माणूस आहे, पण लिहायला हवं तेही मीच. कारण फर्नांडिस बाईंच्या स्वच्छ नोकरीवर एक डाग आहे आणि तो माझा आहे. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. सांगेन, पण जरा वळसा घेऊन. चूक कबूल करायला निघालेला माणूस आधी वाटेतल्या प्रत्येक ओळखीच्याला रामराम करतो, तसं समजा.

तोंडवलीच्या अलीकडे आमची शाळा. संस्था गावकऱ्यांची, आणि बाई तिथल्या हेडक्लार्क, तीस-बत्तीस वर्षं. उंची बेताची, चष्मा दोरीला, छत्री बारा महिने. कचेरीत स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायच्या आणि रागावल्या तरी तेच बोलायच्या. माणूस आवडला की मात्र मालवणीवर यायच्या. त्यामुळे बाईंनी आपल्याला ‘तुम्ही’ म्हटलं की नव्या शिक्षकांना बरं वाटे आणि जुने आपलं काय चुकलं ते आठवायला लागत.

त्यांची सगळ्यांत प्रसिद्ध सवय म्हणजे पहिल्या हाकेला ओ न देणं. ‘बाई’ म्हणून हाक मारली तर पान हलत नसे. दुसऱ्या हाकेला लेखणी थांबे. तिसऱ्या हाकेला त्या मान वर करून म्हणत, “ओ.” एका हेडसरांनी तर त्यांना कमी ऐकू येतं असं ठरवून आरोग्य शिबिरात त्यांचे कान तपासून घेतले होते. डॉक्टरांनी यंत्र लावून विचारलं, ऐकू येतंय का? बाई गप्प. पुन्हा विचारलं, गप्प. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाल्या, “पहिल्यापासून येतंय.”

या सवयीचं मूळ त्यांच्या वडिलांत होतं. वडील देवबागच्या खाडीत तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचे. पलीकडच्या काठावरून कुणी ‘होऽ तारी’ म्हणून हाक दिली की बापूय होडीला हात लावत नसे. तिन्हीसांजेला एकदाच हाक मारतो तो देवचार, म्हणजे भूत, माणूस तीनदा हाक मारतो, अशी आपल्याकडची जुनी समजूत. पण बाई सांगायच्या की बापायला देवचाराचं भय फारसं नव्हतं. “एकदा हाक मारता तो उगाच मारता,” असं तो म्हणायचा, “ज्याका खरोच पलीकडे येवचा आसा, तो परत हाक मारतलो.” आणि तिसऱ्या हाकेनंतरही होडी लगेच सुटत नसे. आधी काठावरूनच तो तीन प्रश्न विचारी : कोणाचो? खंयचो? कित्याक? कुणाचा तू, कुठला, आणि कशासाठी? उत्तर पटलं तर वल्हं उचलायचं. “बापायच्या होडयेत्सून कधी खोटो माणूस उतराक नाय,” बाई सांगायच्या. होडीतून खोटा माणूस कसा उतरतो ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

मी शाळेचा संगणक शिक्षक, गाव कुडाळजवळ. मुख्य म्हणजे मी स्वतःला हुशार समजतो. सहा वर्षांपूर्वी वरून पत्र आलं की सर्व कर्मचाऱ्यांना इंटरनेटवरच्या फसवणुकीची माहिती द्यावी. मी एका शनिवारी दुपारी बेचाळीस स्लाइडचा कार्यक्रम केला. पडद्यावर मोठा गळ काढला होता. म्हटलं, चोर खोटा मेल पाठवतो, तो बँकेचा, सरकारचा नाहीतर साहेबाचा वाटतो, आपण त्यातली लिंक दाबतो, तिथे अगदी खऱ्यासारखं पान उघडतं, त्यात आपण पासवर्ड लिहितो आणि तो पासवर्ड सरळ चोराच्या हातात पडतो. याला फिशिंग म्हणतात. पंख्याखाली निम्मा स्टाफ झोपला होता. मागे उभा असलेला बाबल मात्र अस्वस्थ झाला. बाबलच्या घरी पिढ्यानपिढ्या मासेमारी. “सर, ह्यो गळ चुकलो,” तो म्हणाला. “हजार लोकांक येकच मेल धाडतत मां, ती रापण. जाळां लांबवर सोडूचां आणि काठार बसान वढूचां, गावतीत ते आपले. गरी येगळी. गरी घालणारो आधी बघता खंयचो मासो खंय बसता, तेका काय आवाडता. मगे तितकोच घास लावता.” सगळे जागे झाले. माझ्या बेचाळीस स्लाइडमध्ये जे नव्हतं ते बाबलने पाच-सहा वाक्यांत सांगितलं. बाईंनी तेवढंच वहीत उतरवून घेतलं. माझं काही घेतलं नाही. शेवटी मी विचारलं, काही शंका? बाई म्हणाल्या, “एकच. ज्याने लिंक दाबली, त्याने मग काय करायचं?” मी हसून म्हटलं, “बाई, आजच्यानंतर कोण दाबणार?”

पुढच्या गुरुवारी मी दाबली.

आमच्या गावच्या देवीच्या जत्रेला ठरलेली तारीख नसते, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. देवीला कौल लावायचा, तिने उजवा दिला की तारीख ठरायची. तोवर मुंबईत राहणारे आमचे सगळे आप्त अर्धा जीव रेल्वेच्या तिकिटात आणि अर्धा माझ्या फोनमध्ये अडकवून बसलेले असतात. त्या वर्षी माझे तिन्ही मेहुणे रोज सकाळ-संध्याकाळ विचारत होते, ‘कळली काय तारीख?’ आणि मी शहाण्याने फेसबुकवर लिहिलं होतं, ‘यंदा आई कधी बोलावते कोण जाणे.’ शाळेच्या संकेतस्थळावर माझा फोटो होता, खाली हुद्दा होता, त्याखाली शाळेचा मेलचा पत्ता होता. म्हणजे मासा कुठे बसतो आणि त्याला काय आवडतं हे मीच पाटी लावून जाहीर केलं होतं. मधल्या सुट्टीत कचेरीतल्या संगणकावर शाळेचा मेल उघडला, तर माझ्या नावाने मेल : ‘जत्रेची तारीख ठरली. जादा गाडीचे आरक्षण आजपुरतेच. पाहण्यासाठी लॉगिन करा.’ वर देवळाचा फोटो. मी लिंक दाबली. पान उघडलं, आमच्या मेलच्या पानासारखंच हुबेहूब. मी शाळेचा पासवर्ड लिहिला. पान पांढरं झालं आणि पांढरंच राहिलं.

मला तेव्हाच कळलं. अर्ध्या मिनिटात कळलं. वरचा पत्ता वाचला तर त्यात आमच्या मेलच्या कंपनीच्या नावापुढे भलतंच शेपूट होतं. पासवर्ड लगेच बदलायला हवा होता, पण त्यासाठीचा आकडा हेडसरांच्या मोबाईलवर येतो. म्हणजे हेडसरांना सांगायला हवं. म्हणजे शनिवारी बेचाळीस स्लाइड दाखवणाऱ्याने गुरुवारी काय केलं हे सगळ्या शाळेला कळणार. मी संगणक बंद केला, जणू संगणक बंद केल्याने चोर आतच कोंडला जाणार होता, आणि नववीच्या वर्गावर निघून गेलो. बाहेर बाबल चहाची किटली घेऊन उभा होता. मी त्याच्याकडे न बघता गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या समोर शाळेच्या मेलवर संस्थेचे अध्यक्ष भाऊ यांच्या नावाने मेल आला. भाऊंचा काजूचा कारखाना आणि आंब्याच्या बागा. माणूस सोन्यासारखा, पण आवाज भोंग्याचा. मेलमध्ये लिहिलं होतं : ‘आदरणीय मॅडम, मी बैठकीत आहे, कृपया फोन करू नये. सर्व विद्यार्थ्यांची यादी, जन्मतारीख, आधार क्रमांक आणि पालकांचे फोन यांसह, कृपया अर्ध्या तासात खालील पत्त्यावर पाठवावी. गोपनीय.’ चोराने आमच्या मेलमध्ये शिरून सगळा जुना पत्रव्यवहार वाचला होता. यादी कुणाकडे असते, ती कोण मागू शकतं, भाऊंची सही खाली कशी असते, सगळं त्याला ठाऊक झालं होतं. फक्त भाऊ ठाऊक नव्हते. बाईंनी मेल वाचला आणि काही केलं नाही. पाव तासाने दुसरा आला, ‘अत्यंत तातडीचे.’ बाईंनी चष्मा पुसला. तिसरा आला, ‘विलंब झाल्यास जबाबदारी आपली.’ तेव्हा त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि बाबलला म्हणाल्या, “भाऊनी मेलात दोनदा कृपया म्हटल्यानी. तेंका बरां नाय काय?”

मग त्यांनी आपल्या डायरीतून भाऊंच्या घरचा नंबर काढून फोन लावला. भाऊ बागेत होते, घरच्यांनी मोबाईल नेऊन दिला. पलीकडून डरकाळी आली, “काय गो?” कुणीही म्हणेल की ओळख पटली. पण बाईंनी ऐकलं होतं की हल्ली आवाजाचीही नक्कल करतात. त्यांनी शांतपणे विचारलं, “भाऊ, तुमच्या पहिल्या म्हशीचं नाव काय होतं?” भाऊ काय काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. पण सगळ्याच्या शेवटी ते म्हणाले, “चंद्री! मगे? चंद्रीचा काय जाला?” बाई म्हणाल्या, “काही नाही. तुम्ही आमच्याकडे मुलांची यादी मागितली आहे का?” भाऊ म्हणाले, “माका कित्याक व्हयी यादी? पोरांका बोलवून काजी फोडून घेऊ?”

साडेपाचशे मुलांची नावं, पत्ते, आईबापांचे फोन… ते सगळं त्या दिवशी एका म्हशीमुळे वाचलं. आज मी वर्गात हेच शिकवतो : फसवणारा घाई करतो, मोठ्या माणसाच्या नावाने बोलतो, आणि दुसऱ्या कुणाला विचारू नका म्हणतो. उपाय एकच, थांबायचं आणि दुसऱ्या वाटेने विचारायचं. मुलं लिहून घेतात. हे तरवाल्याचं आहे असं मी सांगतो, पण त्यांना ते उदाहरण वाटतं.

बाईंनी पुढचं सगळं तासाभरात केलं. संगणकाची इंटरनेटची वायर स्वतःच्या हाताने उपटली. हेडसरांना तासावरून बोलावून सगळे पासवर्ड बदलून घेतले, पोलिसांच्या सायबर विभागाला कळवलं. मग स्टाफरूमच्या दारात उभ्या राहिल्या आणि विचारलं, “काल-परवात कुणी कचेरीच्या मेलचा पासवर्ड बाहेर कुठे लिहिला आहे का? चोर कुठल्या दाराने आला ते कळलं तर दार लावता येईल.” कचेरीतल्या संगणकावर मी बसतो हे सगळ्यांना माहीत होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते, संशयाने नव्हे, तज्ज्ञ म्हणून. मी म्हटलं, “नाही बाई. मी तपासतो.” आणि खरोखर दिवसभर सगळ्या शाळेचे संगणक तपासत राहिलो. जिथे चोर शिरला नव्हता अशी एकही जागा मी तपासायची सोडली नाही.

त्या माझ्या ‘नाही’चा परिणाम दुपारी दिसला. चोराने शाळेच्या पत्त्यावरून काही पालकांना आधीच मेल पाठवले होते, ‘आपल्या पाल्याचा निकाल येथे पाहा.’ मी सकाळी खरं बोललो असतो तर पाठवलेले मेल आधी बघितले असते. बाई बाबलच्या स्कूटरवर मागे बसल्या, छत्री आडवी धरून, आणि दोघं वाडीवाडीने सांगत फिरले. संध्याकाळी चर्चमध्ये मिसेनंतर आणि देवळात आरतीनंतर दोन्हीकडे एकच घोषणा झाली, फादरांनी आणि पुजाऱ्यांनी बाईंच्या हातचा एकच कागद वाचला : शाळा निकाल मेलावर देत नाही, शाळा निकाल हातात देते आणि पाठीत धपाटाही. शेवटचे तीन शब्द बाईंचे नव्हते असं फादर नंतर म्हणाले. कुणाचं काही गेलं नाही, हे नशीब.

शनिवारी सभा. चूक कुणाची? हेडसरांनी सांगितलं की बाबल दुपारच्या सुट्टीत कचेरीच्या संगणकावर होडीच्या इंजिनांचे व्हिडीओ बघतो. बाबल तेव्हा हंगामी होता. भाऊ म्हणाले, तर मग त्याला सोमवारपासून यायला नको. बाबल भिंतीला टेकून उभा होता, एक शब्द बोलला नाही. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता… आणि फर्नांडिस बाई उभ्या राहिल्या. “बाबलचा संबंध नाही. पासवर्ड माझ्याकडून गेला,” त्या स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाल्या. भाऊंचा भोंगा पहिल्यांदाच खाली आला. “तुमच्याकडून?” “माझ्याकडून.” मग नियमाप्रमाणे व्हायचं ते झालं. बाईंना कारणे दाखवा नोटीस मिळाली, अख्ख्या नोकरीतली पहिली. ती त्यांच्या सेवापुस्तकाच्या फाइलीला लागली. निवृत्त झाल्या तेव्हाही लागलेलीच होती. म्हशीचं नाव विचारून चोर ओळखणारी बाई आणि लिंक दाबणारी बाई एकच कशी, हा प्रश्न एवढ्या माणसांतून कुणालाच पडला नाही. मला पडायचा प्रश्नच नव्हता.

सभा सुटल्यावर बाईंनी जिन्यात मला गाठलं आणि सहज विचारलं, “काय रे दिगंबर, तुमच्या देवळात कौल जालो काय? तारीख ठरली?” मी म्हटलं, अजून नाही. “तारीख देवळातसून येता रे,” त्या म्हणाल्या, “मेलातसून नाय.” मला वाटलं बाई जत्रेला यायचं म्हणतायत. दर वर्षी यायच्या, देवीला ओटीही भरायच्या. खरंच सांगतो, मला तेव्हा एवढंच वाटलं. म्हणजे तेवढंच वाटू द्यायचं मी ठरवलं.

पुढच्या सोमवारी बाईंच्या टेबलावर एक जाड लाल वही आली. वर लिहिलं होतं, ‘कुमसार.’ चर्चमध्ये फादरांपुढे आपली चूक सांगतात त्याला कुमसार म्हणतात, एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. नियम बाईंनी तोंडी सांगितला : ज्याने कुठे चुकीचं दाबलं, चुकीचं लिहिलं, त्याने तासाभरात येऊन वहीत लिहायचं. ओरडा नाही, नोटीस नाही, हसायचंही नाही. “तासाभरात सांगेल त्याला चहा. लपवेल त्याला भाऊ.” बाईंचं म्हणणं, चोराला कुलपाचं भय नसतं, त्याला आपल्या लाजेचा आधार असतो. जितका वेळ आपण लाजतो तितका वेळ त्याला काम करायला मिळतो. मी बेचाळीस स्लाइडमध्ये हे घातलं नव्हतं.

लोक आधी बिचकले, मग चहा सुरू झाला. क्रमांक दोन, हेडसर : ‘आंब्याचे पार्सल अडकले आहे असा संदेश आला. आम्ही आंबे विकत घेत नाही हे दाबल्यावर आठवले.’ क्रमांक पाच, पी.टी.चे शिक्षक : ‘आज रात्री वीज तोडणार म्हणून फोन आला. घाबरून त्यांनी सांगितलेले ॲप घेतले. वीज तशीही नव्हती.’ क्रमांक नऊ स्वतः भाऊ, कारखान्यातून मुद्दाम येऊन, मोठ्या अक्षरात : ‘चूक झाली. कृपया.’ एवढंच. बाईंनी त्यांना दोन कप चहा दिला. भाऊंनी लगेच सांगितल्याने कारखान्याच्या संगणकाचं मोठं नुकसान टळलं, आणि मग भाऊंनी तिथेही तशीच वही ठेवली. मुलांची यादी पाठवायची तर दोन माणसांच्या सह्या, डायरी प्रत्येकाच्या खिशात, मेलचा पत्ता शेवटच्या अक्षरापर्यंत बोट ठेवून वाचायचा, हे सगळं त्यातूनच रुजलं. आज तालुक्यातल्या इतर शाळांची माणसं बघायला येतात आणि विचारतात, तुम्ही कुठलं सॉफ्टवेअर वापरता?

तुमच्या लक्षात आलं असेल, मी क्रमांक दोनपासून सांगितलं. पहिलं पान कोरं होतं. वही आली त्याच संध्याकाळी बाई मला म्हणाल्या होत्या, “दिगंबर, पयलां पान सोडलंय हां.” मी म्हटलं, चांगलं दिसतं, शीर्षकाला. दोन वर्षांनी मी पर्यवेक्षक झालो. पेढा घेऊन गेलो तर पेढा हातात घेत म्हणाल्या, “गोड जाला. पेन देव काय रे? पयलां पान तसांच आसा.” मी म्हटलं, पेन आहे बाई माझ्याकडे. गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात मोजून दिल्या, छत्री उचलली, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, “पान कोरांच रवलां मां.” मी हसलो. “असू दे बाई,” म्हटलं. त्यांनी छत्री उघडली आणि गेल्या. देवबागला त्यांच्या घरी मी पुढे वर्षभरात तीन-चारदा गेलो. सोलकढी प्यायलो, त्यांच्या बापायची वल्ही भिंतीला टांगलेली पाहिली, हवेपाण्यावर बोललो. पानाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मला वाटलं, विसरल्या. सुटलो.

मागच्या आठवड्यात त्यांची महिन्याची मिसा झाली. मी शेवटच्या बाकावर होतो. फादर काय म्हणत होते त्याकडे माझं लक्ष नव्हतं, मी बोटं मोजत होतो. वही आली त्या संध्याकाळी एकदा. पेढ्याच्या दिवशी एकदा. किल्ल्या दिल्या तेव्हा एकदा. माणूस तीनदा हाक मारतो… आणि तीनदा मारून ओ आली नाही की तोही मग वाट सोडून जातो. त्या बाकावर मला रडू आलं ते मी लपवलं नाही. बाजूला बाबल होता, त्याने रुमाल दिला.

तिथून थेट शाळेत आलो. रविवार होता, बाबलने कचेरी उघडून दिली. बाईंचं टेबल आता नव्या क्लार्कचं आहे, पण वही तिथेच असते. पहिल्या पानावर बाईंच्या अक्षरात फक्त ‘१’ लिहिलेलं आहे आणि खाली तीन रकाने आखलेले : काय झाले, कधी झाले, कधी सांगितले. मी लिहायला बसलो. काय झाले : जत्रेच्या तारखेची लिंक दाबली, शाळेचा पासवर्ड दिला, विचारल्यावर नाही म्हटलं, बाबलची नोकरी जाताना गप्प राहिलो, फर्नांडिस बाईंनी माझी चूक आपल्या नावावर घेतली तेव्हाही गप्प राहिलो. कधी झाले : सहा वर्षांपूर्वी. तिसऱ्या रकान्याशी हात अडला. मागे भांड्याचा आवाज झाला. बाबल चहा घेऊन उभा होता.

“हे काय?” मी विचारलं. “नियम,” तो म्हणाला. “अरे, तासाभरात सांगणाऱ्याला चहा. मला सहा वर्षं लागली.” बाबल कप ठेवत म्हणाला, “बाईंनी सांगान ठेवलेल्यानी. सर येतले, उशीर जाय, पण येतले. इले की च्या दी, आणि साखर जास्त घाल, तेंका बरां वाटाचा नाय तेवा.” मी पेन खाली ठेवलं. तो किटली घेऊन उभा होता, त्या गुरुवारी कचेरीबाहेर होता तसाच. “तुला माहीत होतं?” “मिया खिडकीतसून बघलंय मां. दुसऱ्या दिसा स्कूटरार बाईंक सांगलंय. त्या म्हणाल्यानी, तू गप रव. दुसऱ्यान ओ दिलेली चलाची नाय, तेंनी स्वता ओ देवक व्हयी.” सोमवारपासून नोकरी जाणार होती तेव्हाही हा माणूस भिंतीला टेकून गप्प होता.

हा लेख छापून येईल तेव्हा भाऊ तो वाचतील. पहिली घंटा, दुसरी घंटा, तिसऱ्या घंटेला मी फोन उचलेन आणि काय ऐकायचं ते ऐकेन. ती नोटीस बाईंच्या फाइलीतून काढून माझ्या फाइलीला लावावी असा अर्ज मी दिला आहे, त्यावर हेडसरांची सही झाली आहे, भाऊंची व्हायची आहे. पेद्रूंना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तू दिगंबरच कशावरसून?” मग स्वतःच हसले.

त्या दिवशी चहा संपवला. गोड होता, फारच गोड. तिसऱ्या रकान्यात रविवारची तारीख घातली आणि सही करायला पेन टेकवलं. सहीच्या आधी, तीन हाका उशिरा, एकच अक्षर लिहिलं.

ओ.